पहिला वर्ग कोणी लिहायचा

सरांची आठवण निघाली की पालघरची जुनी माणसं हसायला लागतात. लग्नपत्रिका दुरुस्त करून परत पाठवणारा म्हातारा. हॉटेलच्या पाटीवर 'भजि' लिहिलेलं पाहून बाहेरूनच परत फिरणारा म्हातारा. मी हसत नाही. मी त्यांच्याकडे अडीच वर्षं टायपिस्ट होते आणि मला त्यांचा राग येतो. ते गेले, कोर्टासमोरची त्यांची खोली पाडून तिथे झेरॉक्सचं दुकान झालं, माझे केस पांढरे झाले, तरी येतो.

साठ साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. मी मॅट्रिक होऊन टायपिंगची परीक्षा दिली होती. आमची पालघरजवळच्या माहीमला पानवेलीची आणि केळीची वाडी. वडिलांना वाटायचं मुलीने वाडीत पाणी सोडावं, आईला वाटायचं लग्न करावं, आणि मला वाटायचं या दोघांपासून दिवसातले आठ तास तरी लांब राहावं. म्हणून माहीमहून एस.टी.ने पालघरला यायचे. सरांच्या दारावर पाटी होती: 'इंग्रजी, मराठी, गुजराती, स्पॅनिश. भाषांतर.' गाव त्यांना दुभाषी म्हणे, त्याचाही त्यांना राग. दुभाषी बोलतो, मी लिहितो, असं ते समोरच्याला सुनवायचे.

तरुणपणी ते मनिलाला गेले होते. तिथे एका सिंधी व्यापाऱ्याच्या पेढीवर वीस वर्षं पत्रव्यवहार सांभाळला. त्या शहरातली मोठी घराणी तेव्हा स्पॅनिशमध्ये बोलत, स्पॅनिशमध्ये भांडत. लढाई संपल्यावर सर तीन शब्दकोश आणि एक लोखंडी ट्रंक घेऊन परत आले. मागे तिथे बायको होती असं कोणी म्हणायचं, नव्हती असंही कोणी म्हणायचं. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी आधी माझा प्रश्न दुरुस्त केला असता.

खोलीत ते दाराकडे पाठ करून बसायचे. आलेल्या माणसाने त्यांच्या पाठीला काम सांगायचं. "जरा एक कागद होता" असं कोणी म्हटलं की पाठ हलायची नाही. कसला कागद, कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत, कोणत्या कचेरीसाठी, हे नीट सांगून झालं की खुर्ची वळायची. कित्येक माणसं त्याआधीच निघून जात. 'इत्यादी' हा शब्द त्यांच्या खोलीत चालत नसे. इत्यादी म्हणजे ज्याला पुढचं माहीत नाही त्याने केलेली लबाडी, असं त्यांचं म्हणणं. खोडरबर तर त्यांनी खोलीत ठेवलंच नव्हतं. पानाच्या शेवटच्या ओळीत एक अक्षर चुकलं तरी सगळं पान पुन्हा. मी दुपारचा डबा खाताना रडलेली आहे. अक्षर चुकलं म्हणून नाही, संतापाने.

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाची पत्रिका मीच त्यांना दिली होती. दुसऱ्या दिवशी ती तांबड्या शाईच्या सात खुणांसह माझ्या टेबलावर होती, आणि खाली लिहिलं होतं, "आशीर्वाद. वरील चुका दुरुस्त कराव्यात." काकांनी ती वाचली आणि महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. सर मात्र लग्नाला आले, पहिल्या पंगतीला बसले, आणि जिलबी चांगली झाली आहे असं काकांनाच सांगून गेले.

त्यांचं एकच वाक्य होतं, दिवसातून दहा वेळा. "कागदावर आहे ते आहे. कागदावर नाही ते नाही." एकदा एका वकिलाने खरेदीखताच्या भाषांतरात चतुःसीमेतला 'सुमारे' हा शब्द गाळायला सांगितला. सरांनी त्याला छत्रीचं टोक दाखवून बाहेर काढलं, आणि त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला होता. हे सांगितलंच पाहिजे. मी त्या माणसाला मानत होते. म्हणून तर राग एवढा टिकला.

काशिनाथ आमच्याकडे आला तो त्यानंतरच्या हिवाळ्यात. दातिवरे नावाच्या किनाऱ्यावरच्या गावचा. वडील मासेमारी करत करत गेलेले, घरी एकटी आई. अठराव्या वर्षी तो बोटीवर खलाशी म्हणून लागला. उत्तर स्पेनमधल्या एका बंदरात त्याला विषमज्वर झाला, बोटीने त्याला तिथल्या दवाखान्यात सोडलं आणि बोट निघून गेली. दवाखान्यातल्या जोगिणींनी, म्हणजे ख्रिस्ती नन्सनी, त्याला बरं केलं आणि भाषा शिकवली. मग हा मुलगा दिवसा गोदीत पोती वाहत आणि संध्याकाळी शिकत तिथल्या विद्यापीठाच्या तंत्रशाळेत शिरला, आणि विजेच्या यंत्रांचा इंजिनीअर होऊन बाहेर पडला. नऊ वर्षं लागली. आईने कोणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं की आता दिसत नाही, ये. तो आला.

तारापूरला तेव्हा वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं. बोईसर स्टेशनवर रोज नवी माणसं उतरत. त्या कामावर आलेल्या एका लहान कंत्राटदार कंपनीला विजेचा इंजिनीअर हवा होता. काशिनाथने अर्ज केला. सोबत गुणपत्रक जोडलं, आणि मुंबईतल्या कुठल्याशा एजंटाकडून करून घेतलेलं इंग्रजी भाषांतर. अर्ज आठ दिवसांत परत आला.

ते भाषांतर त्याने सरांच्या पाठीसमोर वाचून दाखवलं. पहिल्या तीन ओळींतच खुर्ची वळली.

घोटाळा असा होता. त्या देशात गुणपत्रकावर आकडे लिहीत नसत, शब्द लिहीत. नुसता उत्तीर्ण झाला तर 'आप्रोबादो', त्याच्या वर 'नोताब्ले', त्याच्याही वर आणखी दोन. नापास झालेल्या विषयापुढे 'सुस्पेन्सो'. आणि सगळ्या विषयांची मिळून जी सरासरी, तिला 'नोता मेदिया'. काशिनाथची सरासरी होती नोताब्ले. पहिल्या वर्षी जूनमध्ये गणितात तो नापास झाला होता, सप्टेंबरात पुन्हा बसून सुटला. मुंबईच्या एजंटाने दिसेल त्या शब्दाला दिसेल तो इंग्रजी शब्द चिकटवला होता. सरासरीचं झालं 'मीडियम', आणि सुस्पेन्सोचं झालं 'सस्पेंडेड'. कंपनीच्या हेडक्लार्कने वाचलं ते असं, की हा मुलगा मध्यम आहे आणि कॉलेजने याला एकदा काढून टाकलं होतं.

सरांनी तो कागद दोन बोटांत धरून टेबलाच्या पार कडेला ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते. असल्या माणसाला शब्दकोश विकणाऱ्यालाही शिक्षा पाहिजे, म्हणाले. मग काशिनाथकडे वळून त्यांनी स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. काशिनाथ दचकला, हसला आणि बोलायला लागला. पंधरा-वीस मिनिटं दोघं बोलत होते. सरांना त्याआधी किंवा त्यानंतर मी तसं बोलताना ऐकलं नाही, न थांबता, न दुरुस्त करता.

भाषांतराला तीन दिवस लागले. दीड पानाचा मजकूर आणि पाऊण पान टिपा. एकेक विषय, एकेक शब्द. सुस्पेन्सोसमोर त्यांनी सरळ 'नापास, पहिली परीक्षा' असं लिहिलं. मी काशिनाथकडे पाहिलं. तो म्हणाला, "झालता मी नापास. खरा हाय ते. लिवा." नोताब्लेसमोर त्यांनी लिहिलं की हा उत्तीर्णच्या वरचा आणि अत्युत्कृष्टच्या खालचा दर्जा आहे. काशिनाथ ते कागद घेऊन बोईसरला गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. हेडक्लार्कचं म्हणणं, आमच्या फॉर्मवर चौकट आहे. पहिला वर्ग, दुसरा वर्ग, पास वर्ग. यातलं काय ते भाषांतरात लिहून आणा.

सर म्हणाले, नाही.

मला वाटलं थोडा वेळ जाऊ द्यावा. गेला. तरी नाहीच. मी विचारलं, नोताब्ले म्हणजे तिथे दहापैकी किती धरतात? ते म्हणाले, सात ते नऊच्या मधे. मग आपल्याकडे साठ टक्क्यांना पहिला वर्ग देतात, मी म्हटलं, हा तर त्याच्याही पुढे आहे. ते म्हणाले, कागदावर आकडा नाही, वर्ग नाही. तिथले सत्तर म्हणजे इथले सत्तर नव्हेत, तिथे ते मिळायला कठीण. मी म्हटलं, मग तर तो पहिल्या वर्गाच्या वरच आला की.

"बाई," ते म्हणाले. मी एकोणीस वर्षांची होते, तरी ते मला बाई म्हणत, अहो-जाहो करत. "मी भाषांतर करतो. वर्ग देत नाही. वर्ग द्यायला विद्यापीठं आहेत."

त्या दुपारी ते पोस्टात गेले तेव्हा मी मशीनवर नवा कागद चढवला. त्यांच्याच भाषांतराचं शेवटचं पान पुन्हा टाइप केलं आणि सरासरीच्या ओळीपुढे तीन शब्द घातले: 'म्हणजे पहिला वर्ग'. इंग्रजीत अर्थात. सह्यांसाठी ठेवलेल्या इतर कागदांच्या मधोमध ते पान सरकवलं. ते सही करताना प्रत्येक ओळीखाली पट्टी धरत, हे मला माहीत होतं. तरी ठेवलं.

पट्टी त्या ओळीवर थांबली. मला वाटलं आता छत्री. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पेन माझ्यापुढे धरलं आणि अगदी हळू म्हणाले, "हे तुम्ही लिहिलंत. तुम्ही सही करा."

मी सही केली नाही. माझ्या सहीला काय किंमत होती, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. एका टायपिस्ट मुलीची सही, ती कंपनीने बघितलीही नसती. पण तेव्हा मी किमतीचा विचार केला नव्हता. मला भीती वाटली. त्यांनी ते पान चार घड्या घालून फाडलं आणि दुसऱ्या कागदाला पट्टी लावली.

मग ते स्वतः बोईसरला गेले. मलाही बरोबर नेलं, टिपणं घ्यायला. कंपनीचं ऑफिस म्हणजे पत्र्याची लांबट शेड, दाराशी हिंदीत ओरडणारा पहारेकरी, आणि आत चौकटींचे फॉर्म. हेडक्लार्क तरुण होता, नीटनेटका, उर्मट अजिबात नव्हता. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. काशिनाथ भिंतीशी उभा राहिला. सरांनी अर्धा तास त्या परीक्षांची रीत समजावून सांगितली. हेडक्लार्कला सगळं समजलं. तो म्हणाला, "म्हणजे आपल्याकडचा फर्स्ट क्लासच झाला की हा. एवढं लिहून द्या, मी आत्ता फॉर्म पुढे पाठवतो."

"तुम्हाला पटलं ना? मग चौकट तुम्ही भरा. फॉर्म तुमचा आहे."

"मी कसा भरू? उद्या ऑडिटवाला मला विचारेल. भाषांतरकार तुम्ही आहात."

"मी भाषांतर केलेलं आहे. खाली सही आहे."

असं ते तासभर चाललं. दोघांचा आवाज चढत गेला, मग दोघेही एकदम फार सभ्य झाले, ते अधिक वाईट होतं. दोघांनाही खरं काय ते ठाऊक होतं. खरं काय ते भिंतीशी उभं होतं, आणि त्याला कोणी काही विचारत नव्हतं. शेवटी काशिनाथच म्हणाला, "मी लिवू का? मना येते इंग्रजी." हेडक्लार्क हसला. सर हसले नाहीत, पण पेनही काढलं नाही.

चौकट मोकळी राहिली. त्या मोकळ्या चौकटीचा इंजिनीअर होत नाही, म्हणून काशिनाथला वायरमनचा मदतनीस म्हणून रोजंदारीवर घेतलं. तो हो म्हणाला. आई दातिवऱ्याला होती, जाणार कुठे? रविवारी कधी कधी तो पालघरला उतरायचा, सरांशी थोडं स्पॅनिश बोलायचा. एकदा मला म्हणाला, नकाशे वाचता येत नाहीत ते साहेब हातात नकाशा उलटा धरतात, आणि मी शिडी धरतो. बोलताना त्याच्या आवाजात राग नव्हता. मला तो त्याच्याऐवजी यायचा. मी घरी जाऊन भांडी आपटायचे, आई विचारायची काय झालं, आणि मला सांगता यायचं नाही, कारण सांगितलं तर ती म्हणाली असती, मग तू सोड ती नोकरी. आणि तेही मी करत नव्हते.

सरांनी विद्यापीठाला पत्रं लिहायला सुरुवात केली. विद्यार्थ्याच्या सरासरीचा आकडा आणि वर्गातला क्रमांक लेखी कळवावा. मला त्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण पत्रं मीच टाइप करायची, आणि अक्षरांवरच्या तिरप्या खुणा ते नंतर टाकाने काढायचे. एक पत्र गेलं, दुसरं गेलं, पाचवं गेलं. उत्तर नाही. पुढचं पत्र आधीच्यापेक्षा कडक असायचं. मला वाटायचं, एवढ्या वेळात, एवढ्या शाईत, तीन शब्द लिहून झाले असते. एकदा मी ते बोलले. सर म्हणाले, ते तीन शब्द माझे झाले असते, आणि उद्या कोणी माझ्याविरुद्ध बोट दाखवलं असतं तर त्या मुलाची नोकरी गेली असती.  ते खोटं नव्हतं, आणि मला त्याचाही राग येतो.

अकराव्या पत्राला उत्तर आलं. आठ महिने झाले होते. जाड कागद, दोन शिक्के. सरासरी दहापैकी आठ आणि वर काही, आणि वर्गात दुसरा. सरांनी खुर्ची दाराकडे वळवून ते वाचलं, उजेडासाठी. मग त्याच दिवशी भाषांतर केलं, तीन प्रती, सह्या, शिक्के. आता आकडा कागदावर होता, म्हणून त्यांच्याही कागदावर होता. एवढंच नव्हे, खाली टीप होती की या देशातल्या रीतीप्रमाणे हा पहिला वर्ग, विशेष प्रावीण्यासह. त्यांचं अक्षर त्या दिवशी किंचित मोठं आलं होतं.

काशिनाथ महिना-दीड महिन्यात पालघरला आला नव्हता. रविवारी घरी असेल, आपणच नेऊन देऊ, सर म्हणाले. अडीच वर्षांत त्यांनी कोणाचा कागद कोणाच्या घरी नेऊन दिल्याचं मी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, मी येते.

रेल्वेने सफाळ्याला उतरून पुढे एस.टी.ने आम्ही दातिवऱ्याला गेलो. घर किनाऱ्यालगत होतं. पुढच्या वलांडीवर, म्हणजे बांबूच्या आडव्या काठ्यांवर, बोंबील वाळत घातले होते आणि एक म्हातारी हाताने चाचपडून ते उलटेपालटे करत होती. डोळ्यांत सारा, म्हणजे पांढरट पडदा, आला होता. सरांनी नाव सांगितलं, कागदाचं सांगितलं. तिने हात थांबवला नाही.

काशिनाथ गेला होता. महिना झाला होता. मुंबईत जाऊन पुन्हा बोटीवर लागला होता, यंत्रखात्यात. कुठल्या बोटीवर ते तिला माहीत नव्हतं.

सर कागद हातात धरून उभे होते. त्यांनी तिला सांगितलं, की विद्यापीठाचं पत्र आलं आहे, तो वर्गात दुसरा आला होता, आता त्याला नोकरी नाकारता येणार नाही.

"आता कागद आला तो काय करू मी?" ती म्हणाली. "बोंबील बांधू त्याच्यात?"

सरांनी कागद लिफाफ्यात घातला.

"पोरगा मना सांगायचा, पालघरला एक मास्तर हाय, त्याला सगला म्हाईत हाय. माजा पोरगा किती शिकला ते तुमाला म्हाईत होता का नाय?"

"कागदावर नव्हतं," सर म्हणाले.

"कागदाचा नाय विचारला मी. तुमाला म्हाईत होता का नाय?"

मी सरांकडे पाहिलं नाही.  मग ते म्हणाले, "माहीत होतं."

तिने मान हलवली आणि पुढच्या काठीकडे सरकली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत, बसा म्हणाली नाही. सरांनी लिफाफा ओटीवर ठेवला. ती तो उचलायला आली नाही.

आम्ही एस.टी.च्या थांब्यावर येऊन उभे राहिलो. बस यायला अवकाश होता. सरांनी थांब्याच्या पाटीकडेसुद्धा पाहिलं नाही, आणि तिच्यावर 'दातीवरे' असं दीर्घ लिहिलेलं होतं. ते म्हणाले, "बाई, मी चुकलो का?"

मी "हो" म्हटलं.

त्यांनी ते ऐकून घेतलं. मी वाट पाहत होते, की आता ते विचारतील, मग तुम्ही त्या दुपारी सही का केली नाहीत. पेन तुमच्यासमोर धरलं होतं. त्यांनी विचारलं नाही. बस आली तेव्हा त्यांनी मला आधी चढू दिलं आणि पुढे रेल्वेतही पालघर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसले. पुढच्या महिन्यात मी नोकरी सोडली. त्यांनी कारण विचारलं नाही, मला चांगला दाखला दिला, आणि त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. तो दाखला मी कुठेच दाखवला नाही. त्यांनी मला तो एक प्रश्न विचारायला हवा होता.